काळ्या दगडाखालचे मासे



मोसमकाठच्या गावात माशांवर बोलायचे म्हणजे धाडसच. मरळ कोणती आणि वाम कोणती, हे भोयांना मी सांगायला नको. मी सांगणार आहे ते त्यांच्या गणगोताविषयी.

मुशी बाजूला ठेवा. तिचा सांगाडा कूर्चेचा. बाकी टोपलीतले बहुतेक सारे मासे एकाच कुळातले. त्यांचे पर छत्रीसारखे बारीक काड्यांवर ताणलेले असतात. या कुळाच्या जाती तीस हजारांहून अधिक. कण्याच्या प्राण्यांपैकी जवळजवळ निम्मे इथेच आले!

त्यांची वाटणी कशी करावी? आगासीने खवल्यांवरून केली. १८४४ मध्ये बर्लिनच्या म्युलरने म्हटले, नुसते अंगरखे काय पाहता, आत हृदयाच्या झडपा पाहा. त्याचे बरेचसे खरे ठरले. जाड, चकचकीत, शंकरपाळ्यांसारख्या खवल्यांचे मासे जुन्या घराण्यांतले. पातळ खवल्यांचे बहुतेक नव्यांतले. पण झडपा दगडात उरत नाहीत. तिथे पुन्हा खवल्याकडेच यावे लागते.

आणि तो खवला आपल्या महाराष्ट्रात सापडला. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ डोंगरगाव आहे. तिथल्या माशांचे अवशेष वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये वर्णिले. त्यांत एक 'गार' मासा आहे, लांब जबड्याचा, चिलखती खवल्यांचा. आज त्याचे भाऊबंद फक्त अमेरिकेकडे उरले आहेत. त्याच पाण्यात दुसरा होता, परात काटे असलेला, नव्या घराण्यातला. नागपूरच्या हिस्लॉपसाहेबांचे नाव त्याला दिले आहे. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपल्या पायाखालचा हा काळा दगड तप्त रसाच्या रूपाने पसरत होता त्या सुमारास, आजोबा आणि नातू एकाच तळ्यात पोहत होते. जुने संपले, मग नवे आले, असा सरळ हिशेब इथे लागत नाही.

नात्यांचा घोळ अजून चालूच आहे. पापलेट चपटे, बांगडा गोलसर. कोण यांना एका पंगतीला बसवील? पण २०१३ मध्ये जनुके ताडून पाहिली, तेव्हा दोघे जवळचे नातलग निघाले. रूपावर मी तरी आता भरवसा ठेवत नाही.

एक विनंती. विहीर खणताना काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये फिकट, गाळाचा दगड लागला, तर तो लगेच भरावात टाकू नका. धुऊन उन्हात धरा. त्यात चमकणारी शंकरपाळ्याएवढी टिकली दिसली, तर जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा.