एक बाटली, एक गोणी

मी सॉफ्टवेअरवाला. शेतीत मला फारसं कळत नाही, पण हिशेब मांडता येतो. नॅनो म्हटलं की आपल्याला प्रयोगशाळा आठवते. मी तुम्हाला खताच्या दुकानात नेतो.

२०२१ साली इफ्कोचा नॅनो युरिया आला. दावा असा, की ५०० मिलीची बाटली ४५ किलोच्या गोणीचं काम करते. गोणीत नत्र ४६ टक्के, म्हणजे वीस किलोंहून जास्त. बाटलीत तेव्हा ४ टक्के होतं, म्हणजे साधारण २० ग्रॅम. कंपनी म्हणते, कण इतके सूक्ष्म की पान ते थेट शोषून घेतं, तर गोणीतलं बरंचसं वाया जातं. वाया जातं हे खरं. पण तीस टक्के जरी पिकाला लागलं, तरी ते सहा किलो होतं. सहा किलो कुठे, वीस ग्रॅम कुठे! पुढे पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत भात आणि गहू, दोन्हींचं उत्पादन घटलेलं दिसलं.

खत नियंत्रण आदेशात या युरियाला जागा मिळाली होती. मग तपासणी पुरेशी लांब चालली का, हे विचारायला नको? आणि पाठीवर पंप घेऊन, तोंडाला साधा रुमाल बांधून फवारणारा मजूर कुणाच्या हिशेबात होता?

मला सगळ्यात जास्त खटकतं ते लिंकिंग. बाटली घ्या, तरच गोणी, अशा तक्रारी आपल्याकडेही झाल्या. घरी शेती असेल तर पक्की पावती मागा, आणि सक्ती झाली तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. अर्ज लिहायला मी बसतो सोबत.