लेकराचे हाड आणि मोठ्या माणसाचे हाड
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त दिग्रस येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला हाडांचा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. पण शरीराच्या बत्तीस भागांचा जो पाठ आपण म्हणतो, त्यात 'अट्ठि' येतेच. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात हाडे 300 मोजली आहेत. सुश्रुताने 300 सांगितली, तर चरकसंहितेत दात-नखे धरून 360 झाली. आजचे शरीरशास्त्र मोठ्या माणसात 206 हाडे सांगते. म्हणून जुने लोक अडाणी होते असे नाही, कशाला हाड म्हणायचे यावर आकडा बदलतो. खरी गंमत पुढेच आहे. जन्मलेल्या बाळात हाडांचे तुकडे 270 ते 300 च्या आसपास भरतात. म्हणजे बाप 206 हाडांचा आणि त्याच्या मांडीवरचे लेकरू पावणेतीनशे हाडांचे!

मग बाकीची हाडे जातात कुठे? कुठेही जात नाहीत, एकमेकांत जुळतात. बाळाची टाळू लपलप उडते ती कवटीची हाडे अजून भिडलेली नसतात म्हणून. सुमारे दीड वर्षात ती भरते. माकडहाडाच्या वरचे त्रिकोणी हाड लहानपणी पाच मणक्यांचे असते. कमरेचे एका बाजूचे हाड तीन हाडांचे मिळून होते. गुडघ्याची वाटी तर जन्माच्या वेळी हाड नसतेच, ती कूर्चेची असते, म्हणजे कानाचा वरचा भाग दाबला तर लागते तसली लवचीक. तिच्यात हाड धरते ते तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान. उलट कानातली तीन इवलीशी हाडे जन्मतःच जवळजवळ पूर्ण मापाची असतात.

आम्हाला आज मुख्य सांगायचे ते हे, की लेकराचे हाड म्हणजे मोठ्याच्या हाडाची लहान नक्कल नव्हे. ते चालू बांधकाम आहे. हातापायाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते आणि उंची वाढते ती तिथे. ही वाढीची चकती मुलींमध्ये मुलांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी बंद होते. सगळ्यांत शेवटी जुळते गळ्याजवळचे हासळीचे टोक, तेही पंचविशीच्या आसपास.

आता पोरगं चिंचेवरून पडतं, कवेलूच्या छपरावरून पडतं. लेकराचे हाड ओल्या फांदीसारखे असते. कडाडून दोन तुकडे होण्याऐवजी एका बाजूने चिरते, वाकते आणि लवकर सांधते. मोठ्याला तीन-चार महिने लागतात तिथे लेकराचे काही आठवड्यांत भागते. हाड बसवणाऱ्यांचे नाव होते ते याच्याच जोरावर. बांबूच्या कामट्या बांधल्या, लेप लावला, पोरगं खेळायला लागलं. आम्ही कोणाच्या पोटावर पाय द्यायला उभे नाही, पण दोन जागी ही परीक्षा पाहू नये. एक म्हणजे सांध्याजवळचा मार, कारण तिथे चकती आहे. ती दुखावली आणि वाकडी जुळली तर हात किंवा पाय पुढे वाढता वाढता वाकडा होत जातो, आज दिसत नाही, तीन वर्षांनी दिसतो. दुसरी जागा कोपराच्या वरची. पाच-सात वर्षांच्या मुलांचे हाड तिथे फार मोडते, आणि हाताला रक्त नेणारी शीर त्याच्या अगदी लगत असते. वरून पट्टी घट्ट आवळली, आत सूज वाढली, की पंजाचे रक्त थांबते. बोटे थंड पडली, निळी किंवा पांढरी झाली, बोट सरळ करताना पोरगं किंचाळलं, तर पट्टी ताबडतोब सैल करून निघायचे. सकाळची वाट पाहायची नाही. काही तासांतच स्नायू मरतो आणि पंजा जन्मभर पक्ष्याच्या पायासारखा आखडतो. आपल्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. पुढे यवतमाळला 1989 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

पाण्याचेही बोलले पाहिजे. आपल्याच जिल्ह्यात पांढरकवडा भागातल्या भूजलात जास्त फ्लोराइड आढळलेले आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चालते, दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत. त्याहून जास्त असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की फ्लोराइड हाडात जाऊन बसते. लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, मोठ्यांची मान, पाठ, गुडघे आखडतात. दातांवरचा डाग हा दात घडताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आतच पडतो. म्हणून लेकरांचे दात पाहिले की त्या घरी कोणते पाणी प्यायले गेले ते कळते. पाणी उकळून हे जात नाही, उलट आटल्याने वाढते. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर मापाने वापरून फ्लोराइड काढण्याची रीत बसवली, तिला नालगोंडा पद्धत म्हणतात. घरी अंदाजाने तुरटी फिरवणे म्हणजे ती पद्धत नव्हे. आधी पाणी तपासून घ्यावे.

शेवटचा मुद्दा वयाचा. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 पासून उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत, घराच्या जमिनीखाली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत लहान मुले पुरलेली निघाली. नाव नाही, दाखला नाही, पण दात किती आलेत आणि हाडांची टोके कुठवर जुळलीत यावरून लेकरू केवढे होते ते अभ्यासकांना सांगता येते.

हीच रीत आज कोर्टकचेरीत चालते. वय ठरेना तर मनगट, कोपर, कंबर यांचा एक्स-रे काढतात. पण हाड काही कॅलेंडर नाही. एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंनी दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच म्हटले आहे. सोळाची मुलगी अठराची ठरली तर काय होते, हे आयाबायांना सांगायला नको. 2015 च्या बाल न्याय कायद्यात म्हणूनच आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, असा क्रम आहे. आपल्या मागच्या पिढीत कितीतरी जणांचा वाढदिवस 1 जून नाहीतर 1 जुलै! मास्तरांनी प्रवेशाच्या वेळी टाकलेली तारीख ती. तेव्हा नोंदच नव्हती, काय करणार?

आणि मायांनो, मुलीला पाळी आली म्हणजे तिची कंबर बाळंतपणाला तयार झाली असे नाही. उंची थांबल्यावरही कमरेचे हाडकडे काही वर्षे रुंदावत असते. पंधरा-सोळाव्या वर्षी बाळंतपण आले तर बाळ अडते ते तिथेच. 2006 च्या कायद्याने मुलीला 18 आणि मुलाला 21 लावले आहेत, आणि ते वय दाखवणारा कागद जन्माच्याच वेळी तयार होतो. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. बाळंतपण दवाखान्यात झाले तर ती कळवणे दवाखान्याचे काम, घरी झाले तर घरच्या कर्त्या माणसाचे. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जावे, दाखला मागून घ्यावा, आणि लेकराचे व आईबापाचे नाव बरोबर लिहिले आहे की नाही ते तिथेच, खिडकीपुढेच, वाचून पाहावे.