आपल्या दुखण्याचा मुखत्यार



वैद्यक, परिचर्या आणि औषधनिर्माण या शास्त्रांच्या पदव्या घेऊन तुम्ही आज बाहेर पडत आहात, आणि तुमच्यापैकी बहुतेकांना पहिल्याच आठवड्यात मधुमेहाचा रुग्ण भेटेल. कारण भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना हा विकार आहे, आणि ज्या कृष्णाकाठाने उसाच्या बळावर कारखाने, पतपेढ्या व विद्यालये उभारली तोही त्याला अपवाद नाही. इन्सुलिनचा शोध लागून शंभरावर वर्षे लोटली, नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही विनामूल्य मिळतात; तरी साखर आटोक्यात राहत नाही, हे पाहून आपण वैद्यमंडळी एक सोयीचा निकाल देऊन मोकळे होतो, की रुग्ण ऐकत नाही.

हा निकाल मला मान्य नाही. वर्षाच्या ८७६० तासांपैकी रुग्ण आपल्यासमोर बसतो तो फार तर तासभर. उरलेल्या काळात तोच स्वतःचा वैद्य आणि तोच स्वतःचा परिचारक असतो, आणि या दोन्ही कामांचे शिक्षण आपण त्याला दिलेले नसते, दिलेली असते ती केवळ ताकीद.

वाळवे तालुक्यातील एखादा ऊस-बागायतदार डोळ्यांपुढे आणा. ज्या आठवड्यात शेतीपंपाला वीज रात्रीची मिळते, त्या आठवड्यात त्याचे जेवण, निद्रा आणि औषध या तिन्हींचा बंदोबस्त विजेच्या मर्जीवर जातो. संध्याकाळची सुई टोचून घेऊन तो पाण्याच्या पाळीवर जातो, जेवण लांबते, बांधावर रक्तातली साखर घसरून त्याला दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, आणि अशा वेळी तीन चमचे साखर तत्काळ तोंडात टाकावी व म्हणून तिची पुडी खिशात असावी, एवढी साधी गोष्ट, तीही या साखरेच्या मुलखात, त्याला कोणी सांगितलेली नसते. चिखलात अनवाणी पायाला काही रुतले, तर बधिर झालेल्या तळव्याला त्याची वर्दीही लागत नाही. विट्याच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याची अवस्था याहून फार निराळी नाही.

गृहिणीची कथा अधिक बिकट आहे. ती सर्वांसाठी रांधते आणि स्वतः सर्वांच्या मागून, उरलेल्या भातावर भागवते. आपल्यापुरती वेगळी भाजी शिजवणे हा तिच्या दृष्टीने अपराध, एकादशीचा साबुदाणा टाळणे हे पाप, आणि पाहुण्याच्या घरचा गोड चहा नाकारणे हा अपमान. लहानपणापासून इन्सुलिन घेणारी उपवर मुलगी तर स्थळ मोडेल या धास्तीने सुई लपवते, आणि लपवता आली नाही की चुकवते.

शिवाय या विकाराला खादाडपणाची शिक्षा समजण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याच्या परिसरातील खेड्यांत केलेल्या अभ्यासात असे दिसले, की आपली नवजात बालके वजनाने कमी भरली तरी त्यांच्या देहात मेदाचे प्रमाण त्या मानाने अधिक असते. म्हणजे ज्या सडपातळ शेतकऱ्याला आपण पथ्यावरून दटावतो, त्याच्या दुखण्याची मुळे कदाचित त्याच्या जन्मापूर्वीच रुजलेली असतात.

दटावणीचे फळ काय मिळते, ते रुग्णाच्या साखर-नोंदीच्या वहीत पाहावे. तारखा महिनाभराच्या, परंतु शाई एकच आणि आकडे सारे गोजिरवाणे! जिथे खरा आकडा मांडल्यावर बोलणी खावी लागतात, त्या दप्तरात खरा आकडा येत नाही, हे पेशव्यांच्या फडणिसांनाही ठाऊक असावे.

सुश्रुताने प्रमेहाच्या चिकित्सेत धनिकाला मल्लविद्या, अश्वारोहण असे व्यायाम सांगितले, तर निर्धनाला शंभर योजने अनवाणी चालावयास अथवा विहीर खणावयास. त्यातील अनवाणी चालण्याचा भाग आज आपण निषिद्ध मानतो, परंतु उपाय सांगण्यापूर्वी रुग्णाची ऐपत आणि त्याचा दिनक्रम विचारात घेण्याची ती रीत आपण का सोडली, हे मला उमगलेले नाही. आज आपण सर्वांच्या हाती एकच छापील तक्ता देतो. मग तो बाजूला सारून रुग्ण खपली गव्हावर भिस्त ठेवतो, आणि दोनऐवजी पाच पोळ्या खाल्ल्यावर खपलीही तारत नाही.

स्वावलंबनाचा अर्थ या कृष्णाकाठाला शिकवण्याची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा मुलांना ‘कमवा आणि शिका’ असे सांगण्यापूर्वी त्यांनी डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी यांची तजवीज केली. स्वावलंबी करणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे, हे ते जाणत होते. मधुमेही माणसाला त्याच्या देहाचा मुखत्यार करावयाचे असेल, तर रक्त तपासण्याच्या पट्ट्या त्याला परवडल्या पाहिजेत, आलेल्या आकड्याचा अर्थ त्याला लावता आला पाहिजे, जेवण लांबले तर औषधाचे काय करावे याची ठरावीक मर्यादेत मुभा त्याला दिली पाहिजे, आणि सासू, पती, मुलगा यांनाही त्याच खोलीत बसवून हे सारे समजावले पाहिजे. यास वेळ लागतो. आणि वेळ देण्याच्या कामी परिचारिका व औषधनिर्माते आम्हा डॉक्टरांहून पुष्कळदा सरस ठरतात, असे माझे प्रांजळ मत आहे.

म्हणून माझी एकच विनंती आहे. व्यवसायाच्या पहिल्या वर्षात निदान एका मधुमेही रुग्णाच्या घरी, त्याच्या संमतीने, रात्रीच्या जेवणाच्या वेळी जा. ताटात काय वाढले जाते, कोण वाढते आणि घरातली स्त्री कधी जेवते ते पाहा, आणि पथ्याचा कागद त्यानंतर लिहा.