शेजारी बसून वाचणारे नेतृत्व



मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद देऊन तुम्ही एका पाळकाचा मान केलात, याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. माझे आयुष्य आराधना, घरभेटी, लग्ने, अंत्यविधी आणि उपदेशाची तयारी यांत गेले. त्या कामातून जे समजले तेच आज तुमच्यापुढे ठेवतो. श्रद्धेच्या क्षेत्रात जो पुढारपण करतो, त्याचे पहिले काम लोकांना स्वतः वाचते करणे हे आहे, असे मी मनापासून मानतो.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात एक कूशी अधिकारी रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचत चालला आहे. सुवार्तिक फिलिप्प धावत रथाजवळ जातो आणि वाचता ते समजते का, असे विचारतो. अधिकारी त्याला वर बोलावतो. फिलिप्प त्याच्या शेजारी बसतो, त्याच्या हातातल्याच ओळींपासून बोलायला सुरुवात करतो. बाप्तिस्मा होतो, फिलिप्प तिथून नाहीसा होतो आणि अधिकारी आनंदाने आपल्या वाटेने जातो. सांगणारा गेला तरी ऐकणाऱ्याचे अडले नाही. सतराव्या अध्यायातले बिरुयाचे लोक तर याच्याही पुढे जातात. पौलासारखा वक्ता समोर असताना ते त्याचे म्हणणे खरे आहे का, हे पाहण्यासाठी दररोज शास्त्र तपासत. याबद्दल त्यांना दोष दिलेला नाही, उलट त्यांना थोर मनाचे म्हटले आहे. पुढाऱ्याला तपासून पाहणारी मंडळी ही पवित्र शास्त्राच्या दृष्टीने चांगली मंडळी आहे.

आपल्या मराठी परंपरेतही हेच दिसते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. जुनी पुराणे नवख्रिस्ती लोकांच्या हातून गेली होती. त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काहीतरी द्या, ही मागणी स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’तच एका ब्राह्मणाच्या तोंडून आली आहे. या परदेशी धर्मगुरूने ती ऐकली आणि लोकांच्या कानात बसलेल्या ओवीतच हजारो ओव्यांचा ग्रंथ रचला. तो १६१६ मध्ये रोमन लिपीत छापला गेला. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की गोव्याच्या लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. लोकांची भाषा ऐकणारे आणि ती मिटवू पाहणारे, असे दोन प्रकारचे पुढारी एकाच भूमीने पाहिले. ‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. हा ग्रंथ तरला तो हस्तलिखितांमुळे, म्हणजे तो वाचणाऱ्या, गाणाऱ्या आणि उतरवून घेणाऱ्या लोकांमुळे.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते साध्या बायकांना कळावे या ओढीने. १९२२ मध्ये देवाघरी जाण्याआधी त्यांनी ते काम तडीस नेले. त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात छपाईचे खिळे जुळवणारे आणि छापणारे हातही स्त्रियांचेच होते. दुष्काळातून आणि निराधारपणातून वाचलेल्या त्या मुलींच्या हाती बाईंनी अन्नाबरोबर अक्षर दिले. नेतृत्वाचा याहून मोठा धडा मला माहीत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी पत्नी लक्ष्मीबाईंना लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकवले. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले, आणि पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठीला अजोड आत्मचरित्र दिले. ज्याला आपण अक्षर शिकवतो तो एक दिवस आपले अर्धे राहिलेले काम पुढे नेतो, आपल्याला न सुचलेले लिहितो. अशा माणसाला वाढू देणे हे पाळकाचे भाग्य आहे.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक सांगत. म्हणूनच पाळकाचे वाचन बायबल आणि भाष्ये एवढ्यावर थांबू नये. त्याने गाथा वाचावी, ज्ञानेश्वरी वाचावी, जोतीराव फुले वाचावेत, दलित आत्मकथने वाचावीत. रोजचे वर्तमानपत्र वाचावे, बाजारभावासकट. समोरच्या बाकावरच्या शेतकऱ्याचे सोयाबीन कोणत्या भावाने गेले हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा पेरणाऱ्याच्या दाखल्यावरचा उपदेश वरवरचा राहतो. तुरुंगात असताना पौलाने तीमथ्याकडे झगा आणि पुस्तके मागवली. अंगाला ऊब हवी तसे वाचन हवे, इतके ते त्याला रोजच्या गरजेचे वाटत होते.

खेड्यातल्या पाळकाकडे लोक आणखीही कागद घेऊन येतात: पीकविम्याची नोटीस, बँकेचे पत्र, दवाखान्याचा रिपोर्ट, सातबारा. ते वाचून देणे ही सेवाच आहे. पण माझी विनंती आहे, नुसते वाचून देऊ नका. शेजारी बसा, बोट ठेवून दाखवा, पुढच्या वेळी त्या माणसाला स्वतः वाचता येईल असे करा. आपल्यावाचून लोकांचे अडावे, ही इच्छा सेवकाला शोभत नाही.

आज आपल्या घरांतली पुष्कळ मुले इंग्रजी शाळेत जातात आणि ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक हाती दिले की देवनागरीत अडखळतात. त्यांना रागावू नका. ‘क्रिस्तपुराण’ही रोमन लिपीतच छापले गेले होते, तरी भाषा जगली, कारण ती मोठ्याने म्हटली जात होती. मुलांना मोबाइलवर रोमनमध्ये गीत वाचू द्या, शब्बाथ शाळेत ते मोठ्याने म्हणवून घ्या आणि हळूहळू देवनागरी शिकवा. मोबाइलवर रोज एक सुटे वचन येते, तेही चांगले आहे, पण एका वचनावर श्रद्धा पोसली जात नाही. घरात रात्री एक अध्याय सगळ्यांनी मिळून वाचावा, आणि तो आजीने आणि नातवानेही वाचावा.

लेखकांनाही एक मागणे आहे. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’पासून वसईच्या ‘सुवार्ते’पर्यंत आपल्या नियतकालिकांनी शेतकरी, शिक्षक, गृहिणी अशा वाचकांसाठी लिहिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’चे नावच त्यांना कोणता वाचक हवा होता ते सांगते. आपणही त्या वाचकासाठी लिहूया. जुने अंक आणि पुस्तके मंडळ्यांच्या कपाटांत पडून आहेत. ती वाळवीला जाण्याआधी बाहेर काढा, त्यांच्या प्रती करा आणि वाचायला द्या.

सहपाळकांनो, येत्या रविवारी वचन वाचायला अशा कोणाला तरी उभे करा, ज्याने आजवर मंडळीपुढे कधी वाचले नाही. तो अडखळला तर मंडळी थांबेल. आराधनेनंतर कोणी तुमच्या उपदेशावर प्रश्न विचारला, तर त्याच्याबरोबर बायबल उघडून बसा. तपासून पाहणारे लोक जिथे आहेत, तिथे पाळक चुकला तरी सत्य हरवत नाही. प्रभू आपल्या प्रत्येक मंडळीला असे वाचक देवो आणि त्यांच्याकडून शिकण्याची नम्रता आपल्याला देवो.