वाचता न येणाऱ्यांसाठी : सुमित्रा भावे



ग्रंथालयाचे दार सर्वांना खुले असले, तरी एक माणूस उंबरठ्याबाहेरच राहतो. तो म्हणजे अक्षरओळख नसलेला माणूस. त्याच्या जीवनावरचा ग्रंथ कपाटात असतो; त्याला मात्र तो वाचता येत नाही. सुमित्रा भावे यांच्या चित्रपटांचा उगम याच विसंगतीच्या जाणिवेत आहे.

१२ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात जन्मलेल्या सुमित्राबाई मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक आणि अध्यापक. स्त्रियांच्या जीवनाचा शोध घेताना त्यांनी अनेक कष्टकरी बायांच्या कहाण्या ऐकल्या. त्यांपैकी आठ दलित स्त्रियांची आत्मकथने १९८८ मध्ये इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. परंतु ज्यांच्यावर संशोधन झाले त्यांच्याच हाती ते पडत नाही, ही खंत त्यांना आधीपासूनच होती. त्यातूनच १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट सिद्ध झाला. चित्रपटाचे रीतसर शिक्षण नसताना, वयाच्या चाळिशीनंतर उचललेले हे पाऊल होते. ‘बाई’ला राष्ट्रीय पुरस्कार लाभला, पाठोपाठ ‘पाणी’ आला.

पुढे सुनील सुकथनकर यांच्यासह त्यांनी दिग्दर्शन केले. ‘दोघी’ (१९९५), ‘दहावी फ’ आणि ‘वास्तुपुरुष’ (२००२), ‘देवराई’ (२००४), ‘अस्तु’ (२०१३) ही त्या सहप्रवासाची फळे. ‘देवराई’त स्किझोफ्रेनियाने ग्रासलेला तरुण आहे, तर ‘अस्तु’मध्ये स्मृती हरपत चाललेला संस्कृत पंडित. आजार हा येथे नाट्यासाठी वापरलेला प्रसंग नाही. घरातील माणसे आजारी माणसाला माणूस म्हणून किती काळ सांभाळू शकतात, हा खरा प्रश्न आहे. पटकथा-संवादांची धुरा सुमित्राबाईंचीच असे. ‘अस्तु’च्या संवादलेखनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नैराश्य आणि आधार यांची कथा सांगणाऱ्या ‘कासव’ला (२०१६) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले.

अशा चित्रपटांना चित्रपटगृहे सहजी मिळत नाहीत आणि मिळाली तरी फार काळ टिकत नाहीत. सुमित्राबाईंनी मात्र गर्दीसाठी विषय बदलला नाही.

त्यांचा अखेरचा चित्रपट ‘दिठी’ पुन्हा ग्रंथाच्याच वाटेने आला. दि. बा. मोकाशी यांच्या ‘आता आमोद सुनासि आले’ या कथेवर तो बेतलेला आहे. पुरात मुलगा गमावलेला वारकरी लोहार एका अडलेल्या गाईची सुटका करतो आणि नव्या जिवाच्या आगमनात त्याला स्वतःच्या दुःखातून वाट दिसते. १९ एप्रिल २०२१ रोजी सुमित्राबाईंचे पुण्यात निधन झाले. ‘दिठी’ रसिकांसमोर आला तो त्यानंतर, मे महिन्यात.

कपाटातील कथा पडद्यावर गेली आणि न वाचणाऱ्यांपर्यंतही पोहोचली. आता ‘दिठी’ पाहिलेला एखादा प्रेक्षक मोकाशींची कथा मागण्यासाठी ग्रंथालयात येईल, तर तिचा प्रवास पूर्ण होईल. त्यासाठी ते पुस्तक कपाटात असले पाहिजे, आणि दार उघडे असले पाहिजे.