पडद्यावरचे कोकण आणि आपण



परवा याच सभागृहात आपण एक जुनी फिल्म पाहिली. आपल्यातल्याच एका घरातल्या आजोबांनी साठच्या दशकात आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने टिपलेला कोकणचा प्रवास. मुकी, रंग उडालेली, जेमतेम बारा मिनिटांची. मुंबईहून आलेली आगबोट रत्नागिरीसमोर समुद्रात उभी आहे. ट्रंका, करंड्या, लेकुरवाळ्या बायका पडावात उतरताहेत. मग किनारा, माडाच्या बागा, मागे डोंगर.

‘आपलं कोकण!’ मागून कुणीतरी म्हणाले. काहींनी डोळे पुसले. खरे तर आपल्यापैकी तिथे राहिले किती? शिंद्यांच्या फौजेमागे आपले पूर्वज आले, १८१० साली लष्कर वसले, तेव्हापासून आपण ग्वाल्हेरचेच. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेत आले, ग्वाल्हेर-झाशी पाहून घरी परतले आणि ‘माझा प्रवास’ लिहून गेले. आपली माणसे परतली नाहीत. तरी ‘आपलं’ म्हणणे सुटत नाही. त्यात वावगे काही नाही.

पण पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, ‘आजी, डोंगर बोडका का आहे?’

फिल्म पुन्हा लावली. आता दिसले ते असे: उतारावर नुसते बुंधे, बंदरावर जळाऊ लाकडाचे ढीग. एका कोपऱ्यात तेवढी काळोखी, दाट झाडी. ती देवळाची राई. पहिल्या वेळी आपल्याला सगळे हिरवेगार दिसले होते. मनात होते तेच आपण पडद्यावर पाहिले.

कोकणातले लाकूड आणि कोळसा वर्षानुवर्षे शहरांकडे गेला. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडे. बहुतेक झाडी खासगी जमिनीवर. मालकाने हो म्हटले की कुऱ्हाड चालते. देवराई वाचली, कारण ती देवाची. तिथे कोयता लावायला माणूस भ्यायचा.

मग मालक कोण? इथे सभागृह गप्प झाले. आपल्या कितीतरी घरांत गावाकडून पत्र येते: सातबाऱ्यावर तुमचेही नाव आहे, संमतीची सही पाठवा. तीस-चाळीस वारसांत आपला वाटा केवढा, असे म्हणून आपण सही करतो. आम्हीही केली आहे. वाट्याला आलेल्या पैशांत दिवाळीचा रंग निघाला. त्या जमिनीवर काय उभे आहे, हे मात्र विचारले नाही.

आमचे मागणे एवढेच. पुढची सही करण्याआधी एकदा जाऊन या. आता पडावात उतरायला नको. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, आणि मंगला एक्सप्रेस ग्वाल्हेरहून थेट रत्नागिरीला नेते. तिथल्या भाऊबंदांशी बोला. त्यांना पैशांची नड असेल, तीही ऐकून घ्या. डोंगर राखायचा तर त्याचा भार एकट्या त्यांच्यावर का? राखणीच्या खर्चात आपलाही वाटा असू दे. सातबाऱ्यावर नाव आहे, तर जबाबदारीही आहे.

फिल्म मंडळाकडे ठेवली आहे. पुन्हा लावू, तेव्हा मुलांना पुढेच बसवा.

गणपती बाप्पा मोरया!