महापुराने शिकविलेला धीर



कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या आपल्या कुरुंदवाडला पूर नवा नाही. २००५ च्या महापुरात माझ्या दुकानातील खालचे कप्पे बुडाले. भिजलेले तागे वाळवताना उमगले, पाण्याहून अधिक हानी ‘एवढे येणार नाही’ या माझ्या गाफीलपणाने केली. तेव्हापासून आषाढ लागताच माल माळ्यावर जातो, उधारी आटोक्यात राहते. २००५ मध्ये एका पूरग्रस्त गिऱ्हाइकाची बाकी मी सोडली होती; २०१९ साली पाणी त्याहून चढले, तेव्हा त्याचीच मुले तागे उचलायला धावली. २०२१ मध्येही तोच अनुभव आला. धीर म्हणजे संकटापूर्वीची शिस्त आणि संकटात जपलेली माणसे. दोन्ही आजच जोडूया.